मापून जगण्याची साधना : विनोबांनी आपले शरीर कसे सांभाळले



सकाळच्या ध्यानाला बसण्यापूर्वी तुम्ही रक्तदाबाची गोळी घेत असाल. कदाचित मधुमेहाची घेत असाल, किंवा थायरॉईडची. सत्संगात शेजारी बसणाऱ्यांकडे पाहिले तर त्यांतल्या अनेकांच्या पिशवीत औषधाची डबी सापडेल. आजार पूर्ण बरा होत नाही, पण लगेच घातकही होत नाही. तो घरात येऊन राहिलेल्या पाहुण्यासारखा वर्षानुवर्षे मुक्काम करतो. मग मनात एक खंत घर करते. साधना करतो, सेवा करतो, तरी शरीर साथ का देत नाही? आणि दुसरी खंत याहून खोल असते. शरीराकडे लक्ष देत बसणे हे साधकाला शोभते का?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात पाहता येते. त्याचे शरीर जन्मभर नाजूक राहिले. मलेरिया, पोटाचा जुना विकार, टोकाचा अशक्तपणा, सारे त्याच्या वाट्याला आले. आणि तरीही वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो पायी निघाला आणि तेरा वर्षे भारतभर चालत राहिला. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे. भूदानाचे विनोबा आपल्याला माहीत आहेत, गीतेचे विनोबाही माहीत आहेत. आज त्यांची एक वेगळी ओळख करून घेऊ : आपल्या दुबळ्या शरीराशी शहाणपणाने वागायला शिकलेला साधक.

एक वर्षाची रजा

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या छोट्या गावी झाला. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेले. आई रुक्मिणीबाई भक्तिमती होत्या. लहान विनायकाने तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या त्याला जेवायला वाढत नसत. जेवणापूर्वी एक कर्तव्य असते, ही पहिली शिस्त त्यांनी अशी लावली.

१९१६ साली परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतला उतरला आणि काशीला गेला. तिथून ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींपुढे उभा राहिला. आश्रमातली कामे तो मनापासून करी, पण शरीर किरकोळ होते. पुढच्या वर्षी त्यांनी गांधीजींकडे एक वर्षाची रजा मागितली. कारणे दोन होती. एक, वाई येथे नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्ताचा अभ्यास करायचा. दुसरे, प्रकृती सुधारायची.

इथे क्षणभर थांबा. एकवीस-बावीस वर्षांचा तरुण ब्रह्मसूत्रांच्या अभ्यासाइतकेच महत्त्व शरीर सुधारण्याला देतो. दोन्ही गोष्टी एकाच रजेत मागतो. अध्यात्म वरच्या मजल्यावर आणि शरीर तळघरात, अशी विभागणी त्याच्या मनात नव्हती.

ते वर्ष कसे गेले याचा सविस्तर हिशेब विनोबांनी १९१८ च्या प्रारंभी गांधीजींना पत्राने कळवला. सुरुवातीला ते रोज दहा-बारा मैल चालत. मग त्यांनी जात्यावर धान्य दळायला घेतले, रोज सहा ते आठ शेर. नंतर सूर्यनमस्कार वाढवत तीनशेपर्यंत नेले. दळणाच्या मजुरीतून वाईच्या विद्यार्थ्यांसाठी वाचनालयाला हातभार लागला. म्हणजे व्यायाम हा नुसता घाम गाळणे राहिला नाही, कोणाच्या तरी उपयोगी पडला. सुमारे चारशे मैलांचा पायी प्रवास करून त्यांनी किल्ले पाहिले, गावोगावी गीतेवर बोलले.

आहाराचेही प्रयोग चालू होते. मसाले सुटले, मीठ सुटले. एक महिना त्यांनी फक्त केळी, दूध आणि लिंबू यांवर काढून पाहिला. ताकद कमी झाली, असे दिसताच तो प्रयोग त्यांनी सोडून दिला. मग दूध, ज्वारीची भाकरी, थोडी केळी, मिळाल्यास लिंबू असा साधा आहार ठरला.

मला या साऱ्या हिशेबात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा सोडून दिलेला प्रयोग. तरुण वयातला व्रताचा उत्साह माणसाला हट्टी करतो. ठरवले म्हणजे ठरवले, मग शरीर काही का सांगेना. विनोबांनी शरीराचे म्हणणे ऐकले. व्रत शरीराच्या विरुद्ध उभे राहिले तेव्हा त्यांनी व्रत तपासले. आणि ठरलेले वर्ष संपताच, ज्या दिवशी परत येण्याचे कबूल केले होते त्याच दिवशी ते आश्रमात हजर झाले.

ज्ञान होते, तरी माप सुटले

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो असेल.

त्यातले सहाव्या अध्यायावरचे प्रवचन पुन्हा काढून वाचा. चित्त एकाग्र होण्यासाठी कशाकशाची मदत लागते हे तिथे उलगडले आहे, आणि त्यात एक मोठी गोष्ट आहे ती जीवनातील परिमितता. खाणे, झोपणे, काम, बोलणे या सर्वांना माप हवे. औषध जसे मोजून घेतात तसे रोजचे जगणे मोजून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. कमीही नाही आणि जास्तही नाही. उपाशी राहणाऱ्याला योग साधत नाही आणि अति खाणाऱ्यालाही नाही, हे गीतेचे सांगणे विनोबांनी कैद्यांपुढे इतक्या सोप्या शब्दांत मांडले.

आणि आता या जीवनातली खरी गंमत पाहा, किंवा खरी शिकवण म्हणा. परिमितता इतकी स्वच्छ समजलेल्या या माणसाचे स्वतःचे माप त्यानंतरच्या वर्षांत सुटले.

तुरुंगातून सुटल्यावर विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडी या गावी राहू लागले. गरीब कातकऱ्याला सुताच्या मजुरीत जगता येते का, हे स्वतः जगून पाहावे असे त्यांनी ठरवले. दिवसाचे आठ-आठ तास ते सूत कातत. जी मजुरी पडेल तिच्यात भागवत. शिवाय गावकाम होते, शिकवणे होते, प्रार्थना होती, लोकांचे येणेजाणे होते. हेतू उदात्त होता यात शंका नाही. पण शरीराला हेतू कळत नाही, त्याला श्रम आणि अन्न यांचा ताळमेळ कळतो. तो ताळमेळ बिघडत गेला. १९३८ साल उजाडले तेव्हा विनोबांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोवर आले होते. वय होते अवघे बेचाळीस.

साधकहो, ही कथा आपली आहे. शिबिराची तयारी, सेवाकेंद्राची जबाबदारी, घरच्या म्हाताऱ्या माणसांचे करणे, नोकरी, रात्री उशिरापर्यंत निरोपांना उत्तरे देणे. जेवण उभ्याने, झोप पाच तास. आणि मनात समाधान की आपण स्वतःसाठी काहीच करत नाही. हे समाधान फसवे असते. सेवेच्या नावाखाली शरीराची हेळसांड झाली तर त्याचे व्याज पुढे शरीरच वसूल करते, आणि मग ज्यांची सेवा करायची त्यांनाच आपली सेवा करावी लागते.

धाम नदीवरचा पूल

विनोबांची प्रकृती पाहून गांधीजी काळजीत पडले. त्यांनी डॉक्टरांचा विषय काढला, आपल्याजवळ येऊन राहायला सुचवले, थंड हवेच्या ठिकाणांची नावे घेतली. विनोबांना दूर जायचे नव्हते. वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर पवनार येथे, धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा एक बंगला रिकामा होता. तिथे जाऊन राहतो, असे त्यांनी सांगितले. गरिबांना कुठे महाबळेश्वर-नैनिताल परवडते? गांधीजींना ते पटले, पण त्यांनी एक अट घातली. आश्रमाची आणि कामाची सगळी चिंता इथेच ठेवून जायचे.

ही अट म्हणजे खरे औषध होते. विनोबांनी ते अक्षरशः घेतले. अशक्तपणामुळे त्यांना मोटारीतून न्यावे लागले. गाडी धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी मनोमन सर्व कामांचा, सर्व जबाबदाऱ्यांचा त्याग केल्याचा संकल्प तीन वेळा केला. संन्यास घेणारा माणूस जे शब्द उच्चारतो, तेच त्यांनी त्या पुलावर उच्चारले. पूल ओलांडून पलीकडे गेला तो माणूस कामाचे ओझे अलीकडच्या काठावर ठेवून गेला होता.

पवनारला त्यांनी केले काय? अगदी थोडे. मोकळ्या हवेत राहिले. पोषक आहार वेळेवर घेतला. फेऱ्या मारल्या. मन रिकामे ठेवले. आणि बंगल्याच्या आवारात कुदळ घेऊन जमीन खणू लागले. पहिल्या दिवशी अगदी काही मिनिटेच. दुसऱ्या दिवशी त्यात किंचित भर. शरीराला झेपेल तेवढेच, पण रोज. मध्ये मध्ये थांबून, श्वास सावरून, पुन्हा काही घाव. असे करत करत ती मिनिटे तासांवर गेली.

दहा महिन्यांत वजन ८८ पौंडांवरून १२८ पौंडांवर आले. चाळीस पौंडांची, म्हणजे सुमारे अठरा किलोंची भर पडली.

याच खणण्यात जमिनीतून जुनी शिल्पे निघाली. त्यांतल्या एका शिल्पात विनोबांना भरत-राम भेटीचा प्रसंग दिसला. ती मूर्ती पुढे पवनारच्या आश्रमात पूजली जाऊ लागली. प्रकृतीसाठी धरलेली कुदळ देवापर्यंत घेऊन गेली, असे म्हणायला हरकत नाही. आणि जिथे ते दोन महिन्यांच्या विश्रांतीसाठी गेले, ते स्थान ‘परंधाम’ या नावाने त्यांचे कायमचे घर झाले.

त्या दहा महिन्यांत काय घडले?

आज वैद्यकात ‘फंक्शनल मेडिसिन’ या नावाने एक विचार पुढे येतो आहे. लक्षण दाबण्याआधी त्याचे मूळ कुठे आहे ते पाहावे, म्हणजे आहार, झोप, हालचाल, ताण, नाती या साऱ्यांची चौकशी करावी, असा त्याचा आग्रह असतो. त्या नावाखाली चालणाऱ्या सगळ्याच तपासण्या आणि महागडी पूरके सिद्ध झालेली आहेत असे नाही, तेव्हा तिथे सावध राहावे. पण मूळ प्रश्न रास्त आहेत, आणि आपल्या परंपरेला ते नवे नाहीत. पवनारच्या दहा महिन्यांकडे त्या प्रश्नांच्या उजेडात पाहू.

पहिली गोष्ट, चिंता थांबली. सततच्या ताणात शरीर जणू संकटाला तोंड देण्याच्या पवित्र्यात राहते. हृदयाचे ठोके आणि रक्तातील साखर वाढवणारे स्राव चालू राहतात, पचन मागे पडते, झोप उथळ होते. जे शरीर लढाईच्या तयारीत आहे ते दुरुस्तीचे काम हाती घेत नाही. पुलावरच्या संकल्पाने विनोबांनी शरीराला सांगितले की लढाई संपली. आता दुरुस्ती कर.

दुसरी गोष्ट, श्रम थोडे आणि चढत्या क्रमाने झाले. आपण काय करतो? डॉक्टरांनी चालायला सांगितले की पहिल्या दिवशी उत्साहाने पाच किलोमीटर चालतो, चौथ्या दिवशी गुडघा धरतो आणि आठव्या दिवशी सोडून देतो. स्नायू, सांधे आणि हृदय यांना नव्या कामाची सवय व्हायला वेळ लागतो. काही मिनिटांपासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. आणि स्नायू काम करू लागले की ते रक्तातील साखर वापरू लागतात. मधुमेहात चालण्याला, जेवणानंतरच्या शतपावलीला इतके महत्त्व आहे ते म्हणूनच.

तिसरी गोष्ट, मोकळी हवा, ऊन आणि माती. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ जुळते आणि रात्री वेळेवर झोप येते.

चौथी गोष्ट, नियमितपणा. पवनारला रोजचा दिवस आदल्या दिवसासारखा होता. आपल्याला हे कंटाळवाणे वाटते. शरीराला मात्र असेच दिवस आवडतात.

या चारांत एकही गोष्ट विकत आणावी लागत नाही, हे लक्षात घ्या.

मिळालेले बळ कुठे गेले?

आरोग्य मिळवून त्याचे करायचे काय, हा साधकाचा प्रश्न असतो. विनोबांनी त्याचे उत्तर आयुष्याने दिले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी गांधीजींनी निवडलेले पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून ते पवनार येथे बोलायला उभे राहिले. त्यानंतर तुरुंगवास आले. ते सोसता आले, कारण शरीर पुन्हा उभे राहिले होते. १९४६ पासून त्यांनी पवनारजवळच्या सुरगाव या खेड्यात भंगीकाम अंगावर घेतले. खांद्यावर फावडे टाकून रोज पायी जायचे, गावाची घाण उचलायची आणि परत यायचे. १९४८ च्या प्रारंभी गांधीजींचे देहावसान होईपर्यंत हा नेम चालला. चालणे आणि खणणे हा पवनारचा औषधोपचार आता पूजा झाला होता.

१९५१ साली ते पवनारहून पायी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला गेले. तिथून तेलंगणातल्या गावांत फिरत असताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावी दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाचा उगम झाला तो असा. त्यानंतर तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. तेलंगणा, उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, काश्मीर, आसाम. तुम्ही आज यांपैकी ज्या प्रांतात राहता, तिथल्या एखाद्या रस्त्यावर त्यांची पावले उमटून गेली आहेत.

पोटातल्या अल्सरचा त्रास या काळात त्यांच्यासोबतच होता. तो असताना ते चालले, हे नीट समजून घ्या. ते पूर्ण बरे होण्याची वाट पाहत बसले नाहीत, आणि आजार नाहीच असेही वागले नाहीत. दूध-दही, मध यांसारखा साधा आणि मोजका आहार. रात्री लवकर निजणे. पहाटे तीनच्या सुमारास उठणे, प्रार्थना, आणि उजाडण्यापूर्वी कंदिलाच्या प्रकाशात चालायला सुरुवात. रोज साधारण दहा-बारा मैल. झोपेला ते फार मान देत. गाढ, निःस्वप्न झोप ही त्यांच्या लेखी समाधीच्या जवळची गोष्ट होती. गावात पोहोचले की सभा, भेटी, चर्चा, पण शरीराचे वेळापत्रक त्यांनी सहसा ढळू दिले नाही. शेकडो लोक भेटायला थांबलेले असताना वेळेवर झोपायला जाणे सोपे नसते. तिथे थोडे कठोर व्हावे लागते. ती कठोरता त्यांनी १९३८ च्या धड्यातून कमावली होती.

औषधाचा आग्रह आणि विनोबांचे नमते घेणे

आता एक प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण तो गाळला तर या लेखाचा चुकीचा अर्थ निघेल.

डिसेंबर १९५२ मध्ये विनोबा चांडील येथे होते. हे गाव तेव्हा बिहारमध्ये होते, आज झारखंडमध्ये आहे. तिथे त्यांना घातक प्रकारचा मलेरिया झाला. ताप उतरेना. औषध न घेता ईश्वरावर सोपवावे, अशी त्यांची वृत्ती होती. देश चिंतेत पडला. दिल्लीहून आणि पाटण्याहून मोठमोठ्यांचे निरोप आले, भोवतीच्या सहकाऱ्यांनी विनवणी केली. शेवटी विनोबांनी औषध घेण्याचे मान्य केले. औषध घेतले आणि ताप उतरला. पुढे काही काळ ते चांडीललाच राहून सावरले. मार्च १९५३ मध्ये सर्वोदय संमेलनही तिथेच झाले. मग यात्रा पुन्हा सुरू झाली.

त्या वेळी ते आपल्या मतावर अडून राहिले असते तर? भूदानाची यात्रा दुसऱ्याच वर्षी संपली असती. त्यांनी इतरांच्या प्रेमापुढे आपला आग्रह सोडला, आणि त्या सोडण्यामुळे पुढची अकरा वर्षे घडली. अनाग्रह हादेखील आरोग्याचा भाग आहे.

म्हणून, साधक बंधू-भगिनींनो, हे मनावर कोरून ठेवा. दिनचर्या सुधारली म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या किंवा इन्सुलिन आपणहून बंद करायचे नाही. साखर, रक्तदाब खाली येऊ लागले तर ते डॉक्टरांना दाखवावे आणि मात्रा त्यांनीच कमी करावी. मधुमेहाचे औषध चालू असताना एकादशीचा कडक उपवास धरल्यास साखर एकदम घसरू शकते, तेव्हा आधी विचारावे. संसर्गाचा आजार, छातीत दुखणे, अचानक आलेला अशक्तपणा, इथे प्राणायाम करत थांबायचे नसते, दवाखाना गाठायचा असतो. जीर्ण आजारात जीवनशैली पाया घालते आणि औषध भिंत धरते. दोघांचे भांडण लावू नये.

धाकटा भाऊ बाळकोबा

विनोबांच्याच घरातले आणखी एक उदाहरण आठवते. त्यांचे धाकटे भाऊ बाळकोबा यांनाही गांधीजींच्या आश्रमाने ओढून घेतले होते. त्यांना क्षयाने गाठले. क्षयावर प्रभावी औषधे नसलेला तो काळ. विश्रांती, स्वच्छ हवा, नियमित आहार आणि शांत मन एवढीच साधने हाताशी होती. बाळकोबा त्यातून वाचले. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. तिथल्या आश्रमाशी बाळकोबांचे नाव पुढे अनेक वर्षे जोडलेले राहिले. ज्याने स्वतः दीर्घ आजार सोसला, तो दुसऱ्या आजाऱ्यांचा सोबती झाला. आज क्षयावर खात्रीची औषधे आहेत आणि ती पूर्ण मुदतीपर्यंत घेतलीच पाहिजेत. पण आजाराने शिकवलेली करुणा आजही तितकीच मोलाची आहे. आपला आजार आपल्याला कोणाच्या तरी जवळ नेतो का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा.

पुन्हा धामच्या काठी

एप्रिल १९६४ मध्ये विनोबा चालत पवनारला परत आले. ८८ पौंडांचे शरीर घेऊन मोटारीतून त्यांनी पूल ओलांडला, त्याला सव्वीस वर्षे झाली होती. पुढे बिहारमध्ये ग्रामदानासाठी पुन्हा प्रवास झाले, पण अखेरची वर्षे परंधाम आश्रमातच गेली. तिथेही झाडलोट, प्रार्थना, मौन, अभ्यास, सारे मापात. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी अन्न आणि औषध थांबवले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी सत्त्याऐंशी वर्षांचे असताना देह ठेवला. ही एका पूर्णकाम वृद्ध ऋषीची शेवटची वाट होती. उपचार सोडण्याचा धडा म्हणून आपण ती घ्यायची नाही. आपल्यासाठी धडा आहे तो आधीच्या सत्त्याऐंशी वर्षांत.

तुमच्यासाठी एक पूल

तर सुरुवातीच्या दोन खंतींकडे परत जाऊ.

साधना करूनही शरीर साथ का देत नाही? कारण शरीराचे नियम साधकालाही तेच लागू होतात. विनोबांनाही झाले. गीता समजल्यावरही त्यांचे माप सुटले, आणि त्याची किंमत शरीराने मागितली. त्यात पाप नाही, लाज नाही. आजार म्हणजे आपल्या श्रद्धेत उणीव आहे असा निष्कर्ष काढू नका, आणि दुसऱ्याच्या आजारावरून त्याच्या साधनेचे मोजमाप तर मुळीच करू नका.

शरीराकडे लक्ष देणे साधकाला शोभते का? हे शरीर सेवेसाठी सोपवलेली ठेव आहे. ठेव सांभाळणे हे विश्वस्ताचे काम. ती उधळायची नाही आणि तिचे लाडही करायचे नाहीत.

मग आजपासून काय करता येईल? एकच गोष्ट निवडा, आणि ती इतकी लहान ठेवा की लाज वाटावी. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे चालणे. झोपण्यापूर्वी अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे. ताटात आधी भाजी आणि डाळ, मग भात. रोज ठरलेल्या वेळी अंथरुणाला पाठ टेकणे. पहिल्या आठवड्यात तेवढेच. दुसऱ्या आठवड्यात किंचित भर. एका वहीत दोन ओळींचा हिशेब लिहा, जसा विनोबांनी वाईहून लिहिला होता. जो प्रयोग मानवत नाही तो निःसंकोच सोडा.

आणि रोज एकदा एक पूल ओलांडा. संध्याकाळी घरी परतताना उंबरठ्यावर क्षणभर थांबा आणि दिवसभराचे ओझे अलीकडे ठेवून आत जा. ज्याने हे जग आपल्या आधीही चालवले आणि आपल्यानंतरही चालवणार आहे, त्याच्यावर ते रात्रीपुरते तरी सोपवा. सकाळी उठाल तेव्हा ते ओझे तिथेच असेल, पण उचलणारे हात ताजे असतील.

उद्या सकाळी गोळी घेताना खंत करू नका. तिला नमस्कार करा, पाण्याबरोबर घ्या, आणि मग शांतपणे ध्यानाला बसा.